थोरल्या जावयाचा रुसवा, भाग दोन

१६ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सिनेमाच्या मुहूर्ताचं निमंत्रण आलं. व्हॉट्सॲपवर. तेही एका ग्रुपमध्ये, ज्यात माझ्याबरोबर अकोल्याचा मंडपवाला, दोन आचारी आणि एक जनरेटरवाला आहे. जनरेटरवाल्याने माझ्याआधी होकाराचा अंगठा टाकला.

अमरावतीच्या जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं मी आवक-जावक सांभाळली. कोणतं पत्र कोणाला, कसं, कोणाच्या हाती जायला हवं हे मला कोणी शिकवू नये. वस्तुस्थिती कुठेतरी नोंदलेली असावी म्हणून आचलने दिवाळीत दिलेल्या कोऱ्या वहीत आजपासून लिहितो. आचल माझी मुलगी, नागपुरात नोकरीला आहे. "बाबा, मनातलं लिहीत जा," म्हणाली होती. मनात काही नाही.

तर वस्तुस्थिती. माझा साळा, म्हणजे माझी बायको संध्या हिचा धाकटा भाऊ योगेश, अकोल्याला शाळेत चित्रकला शिकवतो आणि चौदा वर्षांपासून दर रविवारी पेपरात 'थोरले जवाई' नावाची चित्रमालिका काढतो. चार चौकटी. पहिलीत सासरी कार्य, दुसरीत थोरल्या जावयाचा मान चुकतो, तिसरीत तो रुसतो, चौथीत सगळं गाव त्याची समजूत काढतं. नाक माझं, मिशी माझी, जाकीट माझं. स्वभाव तेवढा योगेशने पदरचा घातला. मी रुसत नाही. कोणाची चूक झाली तर मी बाजूला जाऊन बसतो, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी त्यावर सिनेमा निघाला आणि घरोघरच्या बायामुलांनी तो दोन-दोनदा पाहिला. त्या वेळी योगेश स्वतः अमरावतीला आला होता, हातात अक्षता-सुपारी घेऊन. आता दुसरा भाग निघतोय, तर ग्रुप.

संध्याला सांगितलं, मी जाणार नाही.

"बरं," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकर उलटवली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कोणाचाही फोन नाही. फोन बिघडला की काय म्हणून आचलला लावून पाहिला. लागला. "काय झालं बाबा?" विचारत होती. म्हटलं, काही नाही, तपासणी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मुहूर्त झाला म्हणे. ग्रुपवर नारळ फोडतानाचे फोटो आहेत. जनरेटरवाला पहिल्या रांगेत उभा आहे.

मी गेलो नाही, त्यामुळे संध्याही गेली नाही. तिच्या माहेरच्या कार्यात मी नसलो तर ती नसते. आमच्याकडे हा नियम कधी बोलून झालेला नाही, तिला आपोआप समजतं. सकाळी तिने हिरवी काठाची साडी कपाटातून काढून पलंगावर ठेवली होती, दुपारी परत घडी करून आत ठेवली. कपड्यांना अधूनमधून हवा दाखवावीच लागते.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजची चित्रमालिका: जावई गच्चीवर बसला आहे आणि मोबाइलला उदबत्ती ओवाळतो आहे. यात हसण्यासारखं काय आहे ते समजलं नाही. पेपरवाला पैसे घ्यायला आला तो दारातच हसत होता.

एक गोष्ट कोणीतरी योगेशला सांगायला हवी. त्याला बाईचा चेहरा काढता येत नाही. जावयाच्या बाजूला एक बाई नेहमी बसलेली असते, आणि चौदा वर्षं ती पाठमोरीच आहे. चित्रकलेच्या मास्तरला हे शोभत नाही. संध्याला दाखवलं तर तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"चांगलं काढलं त्यानं," म्हणाली. भावाची चूक बहिणीला कधी दिसते?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सिनेमात मला करणाऱ्या पुण्याच्या नटाचा फोन आला. माणूस चांगला आहे. पहिल्या भागाच्या वेळी चार दिवस आमच्या घरी राहून माझी चाल शिकून गेला होता. या भागात एक धाकटा जावई येतो आणि त्याचा रुसवा थोरल्यापेक्षा मोठा असतो, असं त्याने सांगितलं. म्हणजे माझ्या जागेवर ज्युनिअर बसवला. ते असो.

"काका, रुसलेला माणूस नेमका बसतो कसा?" त्याने विचारलं.

म्हटलं, मला स्वतःला अनुभव नाही, पण पाहण्यात आहे ते सांगतो. रुसलेला माणूस पाय आपटत नाही. दारं आपटत नाही. मंडपातून दिसेल पण मंडपात धरला जाणार नाही, एवढ्या अंतरावर बसतो. चहाला नाही म्हणतो, पण कप परत नेऊ देत नाही. चेहरा असा, की पोट बिघडलंय की मन, हे पाहणाऱ्याला ओळखू येऊ नये. आणि समजूत काढायची रीत ठरलेली आहे: सासरच्या वडीलधाऱ्याने टॉवेल-टोपी घेऊन यायचं, तीनदा म्हणायचं. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा उठायचं. चौथ्यांदा कोणी विचारत नसतं, म्हणून तिसरी वेळ चुकवायची नाही.

नट लिहून घेत होता. तेल्हाऱ्याला चुलत साळ्याच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मी कसा तीन तास ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलो होतो, तेही उदाहरणादाखल सांगितलं. तिथे मला धाकट्या साडूनंतर कुंकू लावलं होतं. संध्या सोबतीला होतीच. तीन तासांत आम्ही एक शब्द बोललो नाही, इतकं आमचं जमतं.

१ डिसेंबर, सोमवार

योगेश आला! गाडीचा आवाज ओळखीचा नव्हता म्हणून आधी खिडकीतून खात्री केली आणि मग आतल्या खोलीत जाऊन पेपर उघडून बसलो.

पण तो आधी स्वयंपाकघरात गेला.

"ताई, प्रतीक्षा मॅडम म्हनून राहिली का नवरीच्या मावशीचं काम तूच कर." प्रतीक्षा म्हणजे सिनेमाची दिग्दर्शिका, तिशीची पोरगी, तीही पुण्याची. पहिल्या वेळी आमच्याकडे जेवायला येऊन संध्याच्या मागे मागे फिरायची. "एकच सीन हाय. थोरला जवाई मंडपामांगं रुसून बसते, अन् मावशी ताट घेऊन त्याले बलवाले येते. तीन वाक्यं. दहा तारखेले, अकोल्यातच."

 मग संध्या म्हणाली, "मले जमंल का रे?"

"तुले नाई जमंल तं कोनाले जमंल?"

दोघं हसली. इतकं हसण्यासारखं त्यात काय होतं ते आतल्या खोलीतून कळलं नाही.

मग योगेश माझ्याकडे आला. हातात टॉवेल-टोपी नव्हती, संत्र्यांची पिशवी होती. "भाऊजी, दहा तारखेले तुमी बी या." मी म्हटलं, पाहू. "या ना भाऊजी, तुमच्याबिगर कसं चालंल?" मी म्हटलं, माझं काय काम तिथे. एवढ्यात त्याने घड्याळ पाहिलं. त्याला घेऊन आलेला मित्र खाली हॉर्न वाजवत होता. चप्पल घालून तो निघालासुद्धा.

दोनदाच झालं. मी दारापर्यंत गेलो होतो.

४ डिसेंबर, गुरुवार

चार दिवसांपासून संध्या कणीक मळताना, कपडे वाळत घालताना तीन वाक्यं म्हणते आहे. "चला ना जवाईबुवा. पंगत खोळंबली. तुमच्याबिगर शोभा नाई." कधी हळू, कधी खेळकर, कधी अगदी काकुळतीने. मी सोफ्यावर बसलेला असतो. ऐकायला चांगलं वाटतं, पण ते मला उद्देशून नाही.

आज जेवताना तिने विषय काढला.

"दहा तारखेचं काय करता?"

"मले कोनी रीतसर बलावलं नाई. मी येत नाई."

"अन् मी?"

"तुले मी अडवलं काय? जा ना. लोकं इचारतील जवाई काहून नाई आले, तं तूच सांगजो."

याच्यापुढे ती कधी जात नाही. आज तिने हातातला घास ताटात ठेवला. मग ताटाकडे पाहत म्हणाली, "यावक्ती मले जाऊ द्या. माह्या वाट्याले आजलोक एक तरी कार्य पुरं आलं काय? हे तं खोटं लगन हाय. हे तरी मले पुरं पाहू द्या."

म्हटलं, खोट्या लग्नात पाहण्यासारखं काय असतं? ती उठून गेली. विषय संपला असं समजतो.

७ डिसेंबर, रविवार

विषय संपला नव्हता.

सकाळी नऊच्या एस.टी.ने संध्या अकोल्याला गेली. आधी दोन दिवस रंगीत तालीम आहे म्हणे. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून गेली: तुरीची डाळ, चहा, साखर. मी बाहेर ओट्यावर बसून होतो, मुद्दाम फाटकाकडे पाठ करून. मला वाटलं, स्टँडवरून परत येईल. लग्नाच्या एकतीस वर्षांत दोनदा तिने माहेरी जायला पिशवी भरली होती आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरूनच परत आली होती.

साडेअकरापर्यंत वाट पाहिली. तोवर बस मूर्तिजापूरच्या पुढे गेली असणार.

८ डिसेंबर, सोमवार

वरण लावलं. डाळ शिजली नाही. भूक नव्हतीच. तीन वाजता लागली, तेव्हा योगेशची संत्री खाल्ली. गोड होती, पण ते मी त्याला सांगणार नाही.

घरात कोणी नसलं की बाजूला जाऊन बसायला बाजूच उरत नाही, हे आज लक्षात आलं. दिवाणखान्यातून उठून आतल्या खोलीत गेलो, तिथून परत दिवाणखान्यात आलो. कोणाच्या लक्षात येणार?

आचलचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आईचा आवाज कसा येऊन राहिला ऐकला का फोनवर? लग्न ठरलेल्या पोरीसारखी बोलते." मी ऐकला नव्हता. मला फोन आला नव्हता. मी केला नव्हता, हेही खरं.

९ डिसेंबर, मंगळवार

कपाटात संध्याच्या बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी सापडली. बीपी ही चेष्टेची गोष्ट नाही. या गोळ्या तिला पोचवणं माझं कर्तव्य आहे. त्यासाठी उद्या पहाटेच्या बसने अकोल्याला जावं लागणार. मुहूर्त, सिनेमा, निमंत्रण यांचा याच्याशी संबंध नाही.

जाकिटाला इस्त्री केली.

१० डिसेंबर, बुधवार. अकोला, योगेशचं घर

आज जे झालं ते सगळं लिहून काढतो. या वेळी आवक-जावकची भाषा जमेल असं वाटत नाही.

अकोल्याबाहेर एका लॉनवर मंडप घातला होता. खरा मंडप, खरे आचारी, खरी पंगत. नवरा-नवरी तेवढी खोटी. संध्या हिरवी साडी नेसून, चेहऱ्याला काहीबाही लावून खुर्चीवर बसली होती. मी गोळ्या पुढे केल्या.

"हायेत माह्यापाशी," ती म्हणाली. रागाने नाही, लोभाने नाही. मग हाक आली आणि ती गेली.

प्रतीक्षाने मात्र "काका, बरं झालं आलात" म्हणून मला कॅमेऱ्याच्या मागे निंबाखाली खुर्ची दिली. तिथून सगळं दिसत होतं आणि मी कोणाच्या मध्ये येत नव्हतो. जागा सवयीची होती.

समोर मंडपामागे खाटेवर तो नट बसला होता, माझी मिशी लावून. मी सांगितलं होतं तस्सा. चहाचा कप डोळ्यांच्या टप्प्यात. मला आतून बरं वाटलं, शिकवलेलं वाया गेलं नाही.

संध्या ताट घेऊन आली. "चला ना जवाईबुवा. पंगत खोळंबली. तुमच्याबिगर शोभा नाई." नट म्हणाला, "मले भूक नाई." झालं. पण पहिल्या वेळी ऊन कमी पडलं, दुसऱ्या वेळी रस्त्यावरून डीजे गेला. तिसऱ्या वेळी संध्याने पुन्हा त्याच आवाजात "चला ना जवाईबुवा" म्हटलं आणि मी खुर्चीवरून उठून चालायला लागलो.

"कट! काका, तुम्ही कुठे निघालात?"

मी कॅमेऱ्यात आलो होतो. सगळं युनिट हसलं. जनरेटरवाला सगळ्यात मोठ्याने. म्हटलं, पाय आखडले होते.

असं एकूण अकरा वेळा झालं. भाजीतून वाफ दिसली पाहिजे म्हणून दर वेळी गरम ताट आणायचे आणि गार झालेलं बाजूला ठेवायचे. दर वेळी ती तितक्याच मायेने विनवायची आणि दर वेळी तो "मले भूक नाई" म्हणून तोंड फिरवायचा. सातव्या-आठव्या वेळी मला त्या माणसाचा राग यायला लागला. साठीच्या घरातली बाई उन्हात ताट धरून उभी आहे, आणि हा बघा! दहाव्या वेळी माझ्या तोंडून निघालं, "ऊठ ना बापा आता." आणि मग आठवलं, की तो बिचारा मी फोनवर सांगितलेलंच करतो आहे. अक्षरशः तेच.

बाराव्या वेळी नट म्हणाला, "मले भूक नाई." यावर संध्याने मान खाली घालून उभं राहायचं होतं. तिने घातली नाही.

"नसंल तं नसो. मले हाय," ती म्हणाली.

नट गडबडला. प्रतीक्षाने हात वर केला, पण 'कट' म्हटलं नाही.

"एकतीस वर्सं झाले. दर लग्नात मी तुमच्या बाजूनं बसली. माह्या एकुलत्या एक भावाचं लगन लागून राहिलं होतं, तवा मी तुमच्यासंगं गच्चीवर होती. मंगलाष्टकं भोंग्यातून आयकले. अक्षता मुठीतच राह्यल्या. टाकू कोनावर? तुमी उठले तवा पंगती बी उठल्या होत्या. थंडं खाल्लं. थंड्याचं मले काई नाई. पन माह्या भावाच्या डोक्यावर अक्षता पडताना मी पाह्यलं नाई, ते आता कुठून आनू?"  आवाज कुठेच चढला नव्हता. "तुमी बसा खुशाल. मी जेवते."

ती वळली, मंडपात गेली, पंगतीत रिकाम्या पाटावर बसली आणि जेवायला लागली.

बोलताना ती सगळा वेळ नटाकडे पाहत होती. माझ्याकडे एकच माणूस पाहत होता, तो योगेश. मंडपाच्या खांबाला धरून उभा होता.

मी योगेशच्या लग्नात गच्चीवर का गेलो होतो ते आठवायचा प्रयत्न केला. शेला हलका होता? की फेटा बांधायला उशीर केला? की आहेराच्या वेळी नाव मागून पुकारलं? बत्तीस वर्षांत आलेल्या-गेलेल्या कागदाचा नंबर मला तोंडपाठ असायचा. हे काही केल्या आठवेना. तिचं काय गेलं ते तिला मुठीतल्या दाण्यासकट आठवत होतं, आणि मी ते कशासाठी घालवलं तेच मला सांगता येत नव्हतं. मला लाज वाटली. इतकी, की खुर्चीत बसवेना.

प्रतीक्षाने शेवटी 'कट' म्हटलं. टाळ्या वाजल्या. "हेच ठेवायचं," असं ती कोणाला तरी सांगत होती, डोळे पुसत होती. नटाने मिशी काढून खिशात ठेवली. संध्या जेवतच होती. तिला टाळ्यांचं काही नव्हतं.

मी उठलो. या वेळी मला कोणी एकदाही बोलावलं नव्हतं. आचाऱ्याजवळ आलू-वांग्याच्या भाजीची बादली होती, ती उचलली आणि पंगतीत शिरलो. सासरच्या पंगतीत जावई वाढत नसतो. आमच्या सात पिढ्यांत कोणी वाढलेलं नाही.

योगेश धावत आला. "भाऊजी, काय करून राहिले! ठेवा ते खाली. लोकं हासतील."

"हासू दे. तू बस."

"कुठं बसू?"

"तुह्या बहिणीच्या बाजूनं बस." त्याच्या खांद्याला धरून बसवलं. योगेश पन्नाशीचा आहे, पण तिच्याजवळ बसल्याबरोबर तिने त्याच्या ताटात आपली बुंदी टाकली, लहान भावाला टाकतात तशी. 

मग मी तिच्यापुढे वाकलो.  तिने वर पाहिलं नाही, ताट तेवढं पुढे सरकवलं.

"रस्सा वाढा," म्हणाली. "वर वर नोका देऊ. खालून वाढा."

खालून वाढला. थोडा तिच्या साडीच्या काठावर सांडला. तिने बोटाने निपटून घेतला आणि जेवत राहिली. मागून कोणीतरी ओरडलं, "अवो जवाईबुवा, ठेवा ते, तुमी जेवाले बसा ना आता!"

म्हटलं, थांब बापा. अजून अर्धी पंगत वाढायची आहे.